बशीत उरलेलं दूध

मित्रांनो, माझ्या कडेचा टवका उडालाय, तो आधी बघून घ्या आणि मग माझं ऐका. मी एक जुनी बशी आहे. चिनीमातीची, निळ्या रेघेची. आता मांजराचं दूध माझ्यात ओततात, पण एके काळी औरंगपुऱ्यात बन्सीशेठच्या हॉटेलात माझाही थाट होता.

भट्टीतून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. गवतात गुंडाळून, खोक्यात कोंबून मला इथं आणलं. सकाळी वाळूजच्या कंपनीत जाणारी माणसं घाईनं यायची, चहा माझ्यात ओतून फुर्रकन प्यायची आणि बस गाठायची. माणसाचं तोंड तुम्ही समोरून बघता, मी खालून बघते. कोणाचा दात हलतोय, कोणाच्या हिरड्या सुजल्यात, कोण एकाच बाजूनं पितोय, सगळं मला ठाऊक असायचं. पण मला विचारतो कोण?

कपबशा विसळायला वच्छलाबाई होत्या. साठीच्या, एकट्या, जिभेनं फटकळ. हॉटेलामागच्या खोलीतच राहायच्या. एकदा त्यांच्या हातून निसटून मी मोरीच्या दगडावर आपटले. टवक्याची बशी गिऱ्हाइकापुढं ठेवायची नाही, हा बन्सीशेठचा नेम. ते म्हणाले, "टाकून द्या." वच्छलाबाई म्हणाल्या, "टाकू कशाला? माझ्या भुरीला व्हईल." झालं. माझा थाट संपला आणि मी मोरीजवळ जमिनीवर आले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

भुरी म्हणजे गल्लीतली बेवारस मांजर. राखाडी, एक कान फाटका. पहिल्याच दिवशी तिनं मला चाटूनपुसून लख्ख केलं. हॉटेलात एवढी माणसं प्यायली, पण चहा संपल्यावर माझ्याजवळ कोणी थांबलं नव्हतं. भुरी थांबायची. दूध संपलं तरी मला अंग टेकून बसायची, डोळे मिटून घुरघुरायची. माझा जीव तिच्यावर जडला. वच्छलाबाईंचा तर आधीच होता.

मग एका हिवाळ्यात माझ्यात दूधभाकरी उरायला लागली. भुरी धावत यायची, वास घ्यायची, एक घास धरायची आणि कळवळून मागं सरायची. पंजानं गाल चोळायची. तिच्या तोंडाला घाण वास येऊ लागला. ती वाकली की मला तिच्या हिरड्या दिसायच्या, लालभडक, दाताच्या मुळाशी सुजलेल्या. उरलेल्या भाकरीवर रक्ताचा बारीकसा डाग असायचा. हे बघणारी मी एकटीच, आणि बशीला बोलता येत नाही.

बन्सीशेठ म्हणाले, "नखरे सुरू झाले मांजरीचे. आता बासुंदी मागेल." वच्छलाबाईही हसल्या. मासळीचं डोकं आणून घातलं, तेही तसंच राहिलं. "लई माजलीस, व्हय गं?" त्या लटक्या रागानं म्हणाल्या. "ऱ्हा उपाशी. भूक लागली की खाशील गुमान." भुरीला भूक लागलेलीच होती हो. ती माझ्याकडं बघत बसायची आणि खायची नाही.

हिवाळा सरता सरता तिच्या हनुवटीला रक्त दिसलं, तेव्हा कुठं वच्छलाबाई चपापल्या. बन्सीशेठ म्हणाले, "जनावरांच्या दवाखान्यात दाखवा."

"तिथं गाई-म्हशी नेत्यात शेठ. गल्लीतली मांजर घेऊन गेले तर हसतील मला लोकं."

आणि त्यांनी आपल्या मनानं इलाज केला. वच्छलाबाईंच्या स्वतःच्या हिरड्या कितीतरी वर्षं दुखत होत्या. रोज सकाळी उंबऱ्यात बसून त्या मिसरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटानं चोळली की ठणका घटकाभर बधिर व्हायचा. तेच बोट त्यांनी भुरीच्या तोंडात घातलं. मांडीवर धरून, कुरवाळत, हळूहळू चोळलं. "उगी माय, उगी. आता बरं वाटंल."

भुरीनं नखसुद्धा मारलं नाही. त्यांच्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

दुपारपर्यंत तिच्या तोंडातून लाळेच्या धारा लागल्या. ती ओकली, थरथरली, भिंतीला धडकत चालू लागली. गल्लीतले लोक म्हणाले, पिसाळली, हाकला तिला. एकानं काठीही आणली. मग मात्र वच्छलाबाईंनी लोकांच्या हसण्याची पर्वा केली नाही. टोपल्यात फडकं घातलं, भुरीला ठेवलं, ओळखीच्या वासानं शांत राहील म्हणून मलाही तिच्याजवळ ठेवलं, आणि रिक्षात बसल्या.

दवाखान्यात कोणी हसलं नाही. मीनाक्षी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी भुरीचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि विचारलं, "हे काळं काय लावलंय?"

"मिसरी."

"मावशी, त्यात तंबाखू असते. मांजरीला ती विष आहे." त्यांनी सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. मग म्हणाल्या, "हिच्या हिरड्या सडल्यात. आधी आणली असती तर दुखरे दात काढून टाकले असते. दात नसले तरी मांजर मऊ खाऊन छान जगते. आता अंगात ताकदच नाही तिच्या."

वच्छलाबाईंनी मिसरीचं काळं बोट लुगड्याला पुसलं. मग म्हणाल्या, "मला बरं वाटतं, तर तिलाबी वाटंल, असं वाटलं मला."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचंही तोंड दाखवा कोणाला तरी. मिसरीनं बरं होत नाही, नुसतं दुखणं कळेनासं होतं." वच्छलाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

भुरीला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी उन्हं खोलीत आली तेव्हा माझ्यात कोमट दूध ओतलं होतं. भुरी सरपटत आली, वास घेतला, आणि माझ्या टवक्याच्या कडेवर हनुवटी टेकली. ती तशीच राहिली. दूध गार झालं, त्यावर साय धरली. वच्छलाबाई मला उचलत नव्हत्या, कारण मला उचलायचं तर भुरीचं डोकं बाजूला करावं लागलं असतं.

मिसरीची डबी त्यांनी मोरीत रिकामी केली. पुढं दातांच्या दवाखान्यात गेल्या. बरेच दात काढावे लागले. आता त्या भाकरी दुधात कुस्करून खातात आणि थोडी माझ्यात वाढतात, कारण भुरीसारखंच राखाडी एक पिल्लू मोरीजवळ येऊ लागलंय.

मित्रांनो, तुमच्या दारातलं मुकं जनावर अन्न टाकून उठलं, तर त्याला नखरेल म्हणू नका. आधी त्याचं तोंड बघा, आणि घरातलं औषध चोळत न बसता डॉक्टरकडं न्या. गल्लीतलं असलं तरी न्या. स्वतःच्या हिरड्यांतून रक्त आलं तरी असंच करा.

काल पिल्लानं दूध अर्धं टाकलं. बन्सीशेठ म्हणाले, "ह्याचेबी नखरे." वच्छलाबाई हातातलं काम टाकून उठल्या. पिल्लाला उजेडात धरलं, अंगठ्यानं ओठ वर केला, दोन्ही बाजू नीट बघितल्या. हिरड्या गुलाबी होत्या. "पोट भरलंय त्याचं," त्या म्हणाल्या आणि खाली बसून रडल्या. भुरीचं दूध माझ्यात उरलं होतं, तेव्हा कोणी उठलं नव्हतं.