भाग्यश्रीचे फोटो

निमोण्याचा महेंद्र कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात इंजिनीअर होता. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी अमेरिकेला धाडलं. सोबत त्याच कारखान्यातला, दौंडचा माऊली होता.

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं महेंद्रला बाजूला घेतलं आणि लॅपटॉप उघडायला लावला. नाही म्हणता येतं की नाही, हेही महेंद्रला ठाऊक नव्हतं. त्यानं पासवर्ड टाकला. ड्रॉइंगं बघतील आणि सोडतील, असं वाटलं त्याला. अधिकारी मात्र फोटोंत शिरला आणि एके ठिकाणी थांबला. बाईची पाठ होती, पट्ट्याच्या वळांनी भरलेली. पुढच्या फोटोत सुजलेला चेहरा.

ती महेंद्रची बहीण भाग्यश्री, दौंडला दिलेली. दिवाळीला माहेरी आली तेव्हा त्यानंच हे फोटो काढले होते, पुढं कोर्टात लागतील म्हणून. तिची अट एकच होती. मे महिन्यात सुट्टीचं निमित्त करून ती पोरीला घेऊन येणार होती, ती कायमचीच. तोवर कुणाला काही कळता कामा नये.

हिला तूच मारलंस का, अधिकाऱ्यानं विचारलं. बहीण आहे, नवऱ्यानं मारलंय, महेंद्र परत परत सांगत राहिला. अधिकाऱ्याला पटेना. त्यानं माऊलीला बोलावलं आणि स्क्रीन त्याच्याकडं फिरवली.

माऊलीचं घर भाग्यश्रीच्या सासरच्या घरामागंच होतं. त्यानं ओळखलं, तसं सांगितलं, आणि मान खाली घातली. महेंद्रला वाटलं, आपणच तिला चारचौघांत उघडं केलं.

दोघांना सोडलं. बाहेर आल्यावर महेंद्रनं माऊलीचे हात धरले. कुणापाशी बोलणार नाही, अशी माऊलीनं शपथ घेतली. माणूस वाईट नव्हता. पण ती पाठ त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, म्हणून फोनवर बायकोपाशी बोलला. बायको हळहळली आणि शेजारणीपाशी बोलली, आणि तिथून ते भाग्यश्रीच्या सासरी पोचलं.

महेंद्र परतला तोवर सासरच्यांनी पोरीला कुठंतरी पाठवून दिलं होतं आणि भाग्यश्रीला घराबाहेर काढलं होतं. ती निमोण्यात भिंतीला टेकून बसली होती. महेंद्रनं सगळं सांगितलं.

"त्यांनी उघडायला लावलं, भागू. मी काय करणार होतो?"

"ते ऱ्हाऊ दे, दादा. माझी पोरगी कुठं हाय, तेवढं इचार कुणाला तरी."

शिरूरच्या वकिलानं ते फोटो लावून केस घातली. तारखा पडत राहिल्या. जूनमध्ये भाग्यश्री दौंडच्या शाळेत गेली, तर पोरीचा दाखला बापानं कधीच नेला होता. आता ती कुठल्या गावच्या शाळेत आहे, ते तिथं कुणालाच सांगता येईना.