चॅम्पियनचं रक्त आणि माझी थुंकी

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला सगळे चॅम्पियन म्हणतात. धंदा गाद्यांचा, पण तरुणपणी तो वजनं उचलायचा आणि एकदा जिल्ह्यात पहिला आला होता. त्या दिवसाचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर टांगलाय. फोटोत त्याचे डोळे बाहेर पडायच्या बेतात आहेत आणि मान कुठे गेलीय ते कळत नाही. गिऱ्हाईक गादी दाबून बघत असलं की हा त्याला फोटोची गोष्ट सांगतो. गादी चांगली म्हणून खपते की गोष्ट लवकर संपावी म्हणून, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

ताकद रक्तात असते, हा चॅम्पियनचा सिद्धांत. रक्तात म्हणजे त्याच्या. त्याचे आजोबा म्हणे रुतलेला ट्रक एकट्याने ढकलून काढायचे. दर खेपेला त्या ट्रकमधला माल वाढत जातो. माझ्या माहेरच्या रक्तात काय आहे, तर चष्मा.

आमच्या थोरल्याने या रक्ताला पहिला दगा दिला. तो मोबाईल दुरुस्त करतो आणि त्यातल्या स्क्रूपेक्षा थोडाच जाड आहे. पोरगी मात्र, तिला आम्ही बारकी म्हणतो, शाळेत असल्यापासून वजनाच्या मागे लागली. दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकांनी परत केलेल्या गाद्या अंथरायच्या आणि त्यांच्यावर धाडधाड बार टाकायचा, हा तिचा रोजचा सराव. शेजारच्या शिंप्याच्या मशीनची सुई आमच्या बारकीच्या तालावर चालते, असं तो स्वतः सांगतो. कौतुकाने सांगत नाही.

तिच्या व्यायामशाळेतले सर तसे भले गृहस्थ, पण नव्या गोष्टींचा त्यांना फार सोस. एकदा त्यांनी नळ्या आणल्या. नळीत थुंकायचं, नळी प्रयोगशाळेत जाणार आणि तुमच्यात वेगाचं नि ताकदीचं जनुक आहे की नाही ते कळणार. शंभर मीटर पळणाऱ्यांत आणि वजन उचलणाऱ्यांत म्हणे हे जनुक बऱ्याचदा सापडतं. आईकडून एक प्रत मिळते, वडिलांकडून एक. चॅम्पियनने घरातल्या सगळ्यांना थुंकायला लावलं. मी म्हटलं, माझी कशाला वाया घालवता? तर म्हणाला, असू दे, तुलनेला बरी.

निकाल सरांनी व्यायामशाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. बारकीकडे ताकदीच्या जनुकाची एक प्रत होती. चॅम्पियनने मिशीवरून हात फिरवला. थोरल्याकडेही एक होती, त्याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, थोरल्याला सगळ्यांत जास्त. मग चॅम्पियनचा कागद निघाला. एकही प्रत नाही. खाली लिहिलं होतं, लांब पल्ल्याच्या धावण्यास अनुकूल. जो माणूस कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढतो, तो.

शेवटी माझा कागद. दोन प्रती. स्फोटक ताकद, शंभर मीटर, वजन उचलणे. आयुष्यात मी पळाले ती फक्त सुटलेल्या बसमागे, आणि तीही दर वेळी मिळाली असं नाही.

"म्हणजे बारकीला हे वहिनींकडून आलं," सर म्हणाले. त्यांना वाटलं, ते फक्त माहिती देतायत.

 घरी जेवताना चॅम्पियनने निष्कर्ष जाहीर केला. त्याच्या नळीच्या वेळी यंत्र बिघडलं होतं. बारकीच्या नळीच्या वेळी ते बरोबर होतं. माझ्या वेळी काय झालं होतं त्यावर तो विचार करत होता.

मी सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांना रोज उचलून न्हाणीघरात न्यायचे. गॅसचा सिलेंडर दोन जिने चढवायचे. त्याला कुणी स्फोटक ताकद म्हटलं नव्हतं. म्हणायचे, बाईमाणूस सोशिक आहे. जनुकाचं नाव एवढं साधं असेल असं मलाही कुठे माहीत होतं.

पुढच्या महिन्यात बारकीची निवड स्पर्धा होती. त्यातून राज्याच्या संघात मुली घेणार होते आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. पहिला प्रकार स्नॅच. बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. तीन संधी मिळतात. तीनही हुकल्या तर दुसऱ्या प्रकारात तुम्ही डोंगर उचला, हिशेबात धरत नाहीत. आणि एक नियम, जो बाहेरच्यांना नवा वाटतो. बारवरचं वजन स्पर्धेत फक्त वाढत जातं. एकदा पुढे गेलं की कुणासाठीही खाली येत नाही. म्हणून सुरुवातीचं वजन हमखास उचलता येईल असंच सांगायचं असतं.

सरांनी पासष्ट किलोने सुरुवात ठरवली होती. सर पडद्यामागे बारकीचं अंग गरम करून घेत होते आणि टेबलावर वजन कळवायचं काम त्यांनी घरच्या जाणकाराला दिलं. जाणकार गेला आणि बहात्तर सांगून आला. बारकीने सरावात बहात्तर एकदाच उचललं होतं, तेही शिंपी गावाला गेला होता तेव्हा.

सरांना कळलं ते सगळ्या मुली अडुसष्टच्या पुढे गेल्यावर. बारकीचं नाव अजून का पुकारत नाहीत, असं विचारत ते बाहेर आले. मी पडद्यापाशी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. चॅम्पियन छाती काढून म्हणाला, अर्धं रक्त माझंही आहे तिच्यात, पासष्टने सुरुवात करायला ती काय कुणाचीही पोर आहे? सरांनी डोक्याला हात लावला. बार तोवर बहात्तरवर आला होता. आता उतरणार नव्हता.

पहिल्या वेळी बार तिच्या पुढ्यात पडला. दुसऱ्या वेळी डोक्यापर्यंत गेला आणि पुन्हा पुढेच पडला. बाकी कुणी त्या वजनावर नव्हतं, त्यामुळे तिसरी पाळीही तिचीच, मध्ये फक्त दोन मिनिटं. बारकी खुर्चीवर येऊन बसली. पांढऱ्या भुकटीने माखलेले हात मांडीवर उताणे ठेवून ती त्यांच्याकडेच बघत होती. सर काहीतरी सांगत होते, ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

मी चॅम्पियनकडे पाहिलं. डोळे फोटोतल्यासारखेच बाहेर पडायच्या बेतात होते, फक्त मान आता दिसत होती, खाली गेलेली.

"माझं चुकलं म्हणून सांग तिला," तो मला म्हणाला.

"तुम्हीच सांगा. मला बाटली धरायचीय."

तो गेला. मला वाटलं, आता आजोबा येणार, ट्रक येणार. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे वाजलेले मला इथवर ऐकू आले.

"बारके, वजन मी वाढवलं. चूक माझी, तुझी नाही." मग म्हणाला, "तू कमरेची घाई करतेयस. म्हणून बार पुढे पळतोय. मांडीला घासेपर्यंत थांब. मीही हेच करायचो. दोन वर्षं करत होतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं मग?"

"कुणी नाही. पडून पडून कळलं."

बारकी हसली. उठली. बारपाशी जाऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. बार उठला, मांडीला घासला, आणि ती त्याच्याखाली अशी शिरली जशी लहानपणी दुकानात गाद्यांखाली लपायची. मग बसलेली हळूहळू उभी राहिली. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य. मी बाटली हातातून टाकली, त्यामुळे पुढच्या मुलीच्या बापाच्या बुटात पाणी गेलं.

संघात तिचं नाव आलं, शेवटून पहिलं, पण आलं. सरांनी नव्या नळ्या मागवल्यात. चॅम्पियन आता गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगतो, जुनी फोटोची आणि नवी जनुकाची. नव्या गोष्टीत ताकद माझ्या रक्तातून येते आणि माझे आजोबा, जे शाळेत मास्तर होते आणि खडूसुद्धा दोन बोटांनी उचलायचे, ते हळूहळू ट्रकपाशी पोचायला लागलेत.

परवा एका गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर डबल गादी न्यायची होती. लिफ्ट बंद.

"तू उचल," चॅम्पियन म्हणाला. "दोन प्रती तुझ्याकडे आहेत."

"धरा टोक," मी म्हटलं.

जिन्यात गादीचं खालचं टोक जड पडतं, सगळा भार तिकडेच सरकतो. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं गाद्या चढवतोय आणि खालचं टोक नेहमी त्याच्याकडे असतं. परवाही त्याने तेच धरलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत रक्ताबद्दल एक अक्षर निघालं नाही. दम लागला होता त्याला.