बंद करायचं राहिलेलं विमान

संध्याकाळी घरी निघताना सांगाडा बंद करायचा, हा नियम माझा. सांगाडा म्हणजे आमचं चाचणीचं विमान: पंख नाहीत, शेपूट नाही, खोलीभर नुसते संगणक, वायरी आणि वैमानिकाच्या हातातले दांडे. फ्रान्समधल्या तुलूझच्या विमान कारखान्यात त्या खोलीची मी मालकीण. वीस वर्षांत तो चालू ठेवून जायची कुणाची छाती झाली नव्हती.

मायलिसची झाली. मे महिन्यात गुरुवारी सुट्टी आली, की शुक्रवारी कामावर येणाऱ्याला आमच्याकडे वेडा समजतात. बुधवारी सगळ्यांत शेवटी निघाली ती मायलिस. सोमवारी मी दार उघडलं, तर सांगाडा आपला घुमतोय! दांडा ओढून पाहिला. पडद्यावर पंखांच्या झडपा खाली यायला हव्या होत्या. ढिम्म.

"मायलिस!"

ती धावत आली. तिला नोकरीला लागून सहा महिने होत आले होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे त्याच दिवशी मला वर कळवायचं होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं.

"मॅडम, गाडी चुकत होती... विसरले."

"विसरले म्हणे! चार दिवस तापवलंस त्याला. जाळलंस बहुतेक!"

आरडाओरडा ऐकून गास्तों आला. झडपांचा प्रोग्रॅम त्याचा, आणि खरं विमान पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा उडायचं होतं. त्याने सांगाडा बंद करून पुन्हा सुरू केला. झडपा सुतासारख्या सरळ वागायला लागल्या.

"बघ ओडिल, माझा प्रोग्रॅम ठणठणीत आहे. तुझ्या या पोरीने यंत्र तापवलं, दुसरं काही नाही."

मलाही पटलं. नारळ नक्की झाला.

"मॅडम, एक विचारू?" मायलिसचा आवाज पार बारीक झाला होता. "खरं विमान रोज संध्याकाळी कोण बंद करतं?"

गास्तों हसायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. एका गावाहून आलं की माणसं उतरतात, दुसरी चढतात, विमान चालूच. कधीकधी दिवसच्या दिवस. आम्ही मात्र आमच्या विमानाला रोज झोपवत होतो. संगणक बंद केला की त्याची मेमरी धुऊनपुसून कोरी होते. चार दिवस जागलेल्या विमानाची परीक्षा आम्ही कधी घेतलीच नव्हती.

सांगाडा चालू ठेवून आम्ही तिघं मेमरीकडे बघत बसलो. मोकळी जागा थेंबाथेंबाने कमी होत होती. आमच्या धंद्यात कायदा आहे: लागेल तेवढी मेमरी उड्डाणाआधीच मागून घ्यायची, हवेत हात पसरायचा नाही. गास्तोंने तो पाळला होता. फक्त झडपांच्या तपासणीची नोंद ठेवणारा तुकडा त्याने जमिनीवर वापरायच्या एका जुन्या प्रोग्रॅममधून उचलला होता. तो प्रत्येक नोंदीला नवी जागा घ्यायचा आणि परत करायचं नाव नाही. चार दिवसांत जागा संपली आणि झडपा अडकल्या.

"मेला दर घासाला नवं ताट मागतोय," गास्तों म्हणाला, "आणि एकही घासायला टाकत नाही!"

त्याचे कान लाल झाले होते. चुकेल त्याने सगळ्यांना चॉकलेट भरलेली शोकोलातीन खाऊ घालायची, ही आमची रीत. तो मुकाट्याने बेकरीकडे निघाला.

"दोन खोकी आण," मी ओरडले. "एकाचे पैसे माझे. नियम माझा होता."

उड्डाण पुढे गेलं. मी अहवाल लिहायला बसले. वरच्या साहेबांना निष्काळजी माणसं खपत नाहीत, म्हणून लिहिलं, की दीर्घ चाचणीसाठी मायलिसने सांगाडा मुद्दाम चालू ठेवला. मोठ्या कौतुकाने तिला दाखवलं.

"हे खोडा, मॅडम."

"अगं, तुझ्या भल्यासाठी लिहिलंय!"

"पण मी विसरलेच होते. असं लिहिलंत तर सगळ्यांना वाटेल, अशी चाचणी आपण घेतोच. आपण घेत नाही. हे नशिबाने सापडलंय."

"नोकरी जाईल, बयो."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि बाहीने डोळे पुसले.

मला असा राग आला, की काय सांगू! तिचं बरोबर होतं याचाच राग. खोडलं आणि खरं ते लिहिलं. मग तिचा कागद पुढे ओढला. 'कायम करावे' यावर खूण केली. खाली कारण विचारलं होतं.

मी लिहिलं: विसराळू आहे. खोटं बोलत नाही.