नावाची राखण

जैतूनबीनं पोराचं नाव मोहम्मद ठेवलं आणि ते नाव सांभाळता सांभाळता बाई थकून गेली. पोर सांभाळणं सोपं होतं हो. खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, की झालं. पण नावाला कुठं न्हाऊ घालता येतं? ते तर जपावंच लागतं, उठता बसता.

तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. नवरा इमामभाई पिंजारी, साधा माणूस, त्यानं मन्नत केली की हे जगलं तर हुजूर पैगंबरांचं नाव ठेवीन. जगलं. राळेगावच्या मशिदीतल्या म्हाताऱ्यानं कानात अजान दिली आणि जाता जाता जैतूनबीला बजावलं, "बेटी, या नावाला शिवी लागू द्यायची नाही. या नावाच्या लेकराला बोलवायचं ते अदबीनं." म्हातारा सांगून गेला राळेगावला. निस्तरायचं होतं हिला.

कारण वऱ्हाडात कुणी सरळ नाव घेतं का? इथं मारोतीचा मारोत्या होतो, बाबारावचा बाब्या होतो. गावात मुसलमानाचं घर हे एकच, गाव आणि बंजाऱ्यांचा तांडा यांच्या मधोमध. जैतूनबी दोन्हीकडं दारोदार फिरली. "बाई, माह्या पोराले काहीबी म्हणा, पण त्याचं नाव मोडू नका. थे आमच्या पैगंबराचं नाव हाय." माणसं भली, त्यांनी ऐकलं. मग काय, नाकातून शेंबूड गळतोय, चड्डीचा पत्ता नाही, अशा त्या कार्ट्याला सगळे 'मोहम्मदभाई' म्हणायला लागले. तांड्याचे हरिसिंग नाईक, ज्यांच्यासमोर भलेभले मान खाली घालून बसत, तेसुद्धा विचारायचे, "काय मोहम्मदभाई, जेवले का?"

घरात आणखी तऱ्हा. नाव घ्यायचं तर आधी डोक्यावर पदर. तोंडात सुपारी असली तर थुंकून यायची. आणि राग आला की नाव बंद. "ए बब्बू! मेल्या, इकडं ये!" बब्बू म्हटलं की पोराला कळायचं, आज पाठ सोलून निघते. मग ते बेणं अंगणातूनच ओरडायचं, "अम्मा, मी मोहम्मद हाय, मारू नको!" आणि हिचा उगारलेला हात खाली यायचा. आता याला काय म्हणावं! नावाआड लपायला पोर तिथंच शिकलं. तिला ते कळत नव्हतं असंही नाही. पण त्या नावावर हात कसा टाकणार?

इमामभाई गेला. जन्मभर कापूस पिंजला, तोच छातीत जाऊन बसला. पिंजायची कमान जैतूनबीच्या हातात आली. गावातल्या आणि तांड्यातल्या गाद्या-रजया तीच भरायची, खोकत खोकत. पोर विशीत आलं तेव्हा तांड्यातल्या पूनमसिंगाकडं वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून लागलं. तिथं दुसरा सालदार मारोती. त्याच्या घरच्यांनी आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. अबोल माणूस. सांगितलं ते काम करायचा आणि घरी जायचा.

हे सत्तावन सालातलं. दसरा नुकताच झाला होता, वेचणी तोंडावर होती आणि थंडीच्या आधी रजया पाहिजेत म्हणून बायांनी जैतूनबीचा जीव नकोसा केला होता. त्यातच बारावफात आली. हुजूरांच्या जन्माचा दिवस. त्या दिवशी ती कमानीला हात लावत नसे. घर सारवायची, खीर करायची, उदबत्ती लावायची. इमामभाई होता तोवर तो मौलूद, म्हणजे हुजूरांच्या जन्माची कहाणी, वाचायचा. तो गेल्यावर पोर वाचायचं, अडखळत का होईना. मग दोघं उभी राहून हुजूरांवरचा सलाम म्हणायची आणि पोर खीर घरोघरी वाटून यायचं.

त्या वर्षी पोर आलंच नाही. दुपार झाली, ऊन कललं, खिरीवर साय धरली. जैतूनबी दारात बसून राहिली. शेवटी दिवस मावळायला, मगरिबच्या नमाजाआधी, ती एकटीच उभी राहिली. सलाम तिला अर्धामुर्धाच येत होता. येत होता तेवढा म्हटला, मग पुन्हा तोच म्हटला. गुडघे ठणकत होते, खाली बसावंसं वाटत होतं. पण ज्यांच्यासाठी उभं राहायचं त्यांच्यासमोर बसायचं कसं, म्हणून बाई भिंतीला हात लावून उभीच राहिली. खीर तशीच राहिली. एकटीला काय गोड लागणार?

दुसऱ्या दिवशी तांड्यात बोंब झाली. पूनमसिंग दिग्रसला गेला होता, तो सकाळी परतला तर गोठ्यात त्याचा तांबडा बैल तीन पायांवर उभा. पुढचा पाय मोडलेला. पूनमसिंगानं त्या बैलाला वासरू असल्यापासून हातानं चारलं होतं. तो गडी तिथंच शेणात बसला आणि लेकरासारखा रडला. मग उठला आणि दोन्ही सालदारांना समोर उभं केलं.

मारोती म्हणाला, "मी दिवसभर ज्वारी राखत होतो. अंधार पडल्यावर तिकडूनच घरी गेलो."

मोहम्मद म्हणाला, "मी तं घरी होतो, अम्माजवळ. बारावफात होती ना. मौलूद वाचून राह्यलो होतो."

आता ज्वारी काही साक्ष देत नाही. नाईकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बोलावली.

बैठकीच्या दिवशी उजाडता उजाडता पोर आईसमोर येऊन बसलं. जैतूनबी कापूस पिंजत होती. तिनं मान वर केली नाही. दोन दिवस ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

"अम्मा, बैल मीच नेल्ते," तो म्हणाला. "शेजारच्या गावच्या पोरांसंगं बंडीची शर्यत लागली. नाल्याजवळ तांबड्या पडला. मी मुद्दाम थोडी पाडला त्याले?"

कमान थांबली.

"आज नाईक तुले इचारतीन. तू फक्त हो म्हण, का मी घरी होतो. तुह्या शब्दाच्या पुढं कोणी जात नाही."

"तू त्या दिवसाचं नाव सांगतलं?" जैतूनबी म्हणाली. "खोटं बोलायले तुले दुसरा दिवस नाही भेटला?"

"चुकलो ना व. आता काय करू?"

"अन् मारोती?"

"त्याले दुसरीकडं साल भेटन. मले आता कोणताच मालक उभं नाही करणार. मंग मी वणीले जाईन, खाणीत. तू बस एकटी खोकत."

एवढा राग आला तिला, पण हात उचलायचीही ताकद नव्हती. राग करायलासुद्धा अंगात काही लागतं. तिला आत्ता फक्त आडवं व्हायचं होतं, तोंडावरून पदर घेऊन. पोरगा गेला तर तिचं कोण होतं? पाणी द्यायला कोण होतं? एक 'हो' म्हटलं तर काय होईल, अल्ला आईचं मन जाणत नाही का, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तीही माणूसच होती.

नाईकांच्या घरापुढं लिंबाखाली सगळे जमले होते. जैतूनबी खोकत आली तशी हरिसिंग नाईकांनी तिला स्वतःची घोंगडी पुढं सरकवली. तिनं ती घेतली नाही, मातीतच बसली.

आधी मारोती. नाईक म्हणाले, "मारोती, तुह्या देवाची शपथ घे अन् सांग."

मारोती उभा राहिला. "नाईक, आम्ही आता देवाची शपथ घेत नाही."

"मंग कोणाची घेतं?"

"कोणाचीच नाही. मी खरं बोलून राह्यलो, एवढंच."

कुजबूज झाली. पूनमसिंग उसळून म्हणाला, "पाहा! शपथ नाही घेत म्हणजे काय ते समजा!" तांड्यात न्याय व्हायचा तो सोगनीवर. हातात पाणी घेतलं, देवाचं नाव घेतलं, की माणूस खोटं बोलत नाही, हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. बिनशपथेच्या माणसाचं काय करायचं हे बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. मारोतीनं हात मागं बांधले आणि तो तसाच उभा राहिला.

मग नाईक जैतूनबीकडं वळले. आवाज मऊ झाला. "भाभी, तुमची परीक्षा नाही घ्यायची. पण तुमच्या पैगंबराचं नाव घेऊन एकडाव सांगा, का पोरगा घरी होता. मले दुसरी साक्ष नको. या गावानं वीस वर्सं पाह्यलं, तुम्ही थे नाव कसं जपलं."

नाईकांनी हे मानानंच म्हटलं होतं. जैतूनबीला मात्र धरणी दुभंगावी असं झालं. समोर पोर उभं होतं, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. डोळ्यांत तेच, लहानपणचं. अम्मा, मी मोहम्मद हाय.

तिनं पदर पुढं ओढला. "नाईक, त्यांच्या नावाची शपथ आम्ही नाही खात. शपथ अल्लाची." मग बराच वेळ ती खोकत राहिली. कुणीतरी पाणी आणलं, ते तिनं नको म्हटलं. "अन् अल्लाची शपथ घेऊन सांगतो, त्या दिवशी घरी मी एकटीच होती. एकटीनंच सलाम म्हटला. खीर तशीच राह्यली. मारोतीनं काही नाही केलं. बैल माह्या पोरानं नेल्ते."

मारोती मटकन खाली बसला. आणि पूनमसिंग पेटला. दोन दिवसांचं साचलेलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं. तो पोरावर धावून गेला, त्याची गचांडी धरली आणि एक शिवी हासडली. तांड्यातली, झणझणीत, इथं सांगण्यासारखी नाही. आणि त्या शिवीला पोराचं नाव जोडायला त्यानं तोंड उघडलं.

"पूनमसिंग!"

जैतूनबी उभी राहिली होती. इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात ओरडली नव्हती.

"त्याले शिव्या दे, चपलेनं मार, मी अडवणार नाही. पण त्या नावानं नको देऊ, बाप्पा. हात जोडतो. जैतूनबीचा पोरगा म्हण. माह्या नावानं दे."

पूनमसिंग क्षणभर थबकला. पण बैलाचं दुःख लहान नव्हतं, आणि बाईनं स्वतःच परवानगी दिली होती. त्यानं दिल्या. जैतूनबीचा चोर. जैतूनबीचा खोटारडा. जैतूनबीनं काय बेणं जन्माला घातलं, कोणत्या पापाचं घातलं, जैतूनबीच्या घराला आग लागो. इतकं नाव तिचं गावात कुणी कधी घेतलं नसेल. ती हात जोडून उभी होती, मान खाली. बसली नाही. ज्यांच्या रजया तिनं भरल्या होत्या त्या बाया तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. नाईकांनी दोनदा "पुरे" म्हटलं, पण पूनमसिंगाला ऐकूच गेलं नाही.

सुरुवातीला पोर निगरगट्टासारखं दुसरीकडं पाहत होतं. पकडला गेलो, आता काय व्हायचं ते होवो, असं. मग त्याची मान हळूहळू आईकडं वळली. लपायला नाव नव्हतं आज. जी शिवी त्याची होती ती तिच्या अंगावर पडत होती, एकामागून एक, आणि म्हातारी ती घेत होती.

"बस करा, मालक!" तो एकदम ओरडला. "अम्माचं नाव नका घेऊ. मीच बैल नेल्ते. मीच खोटं बोललो. माह्यं नाव घ्या ना, माह्यं घ्या!"

पूनमसिंगानं त्याची गचांडी सोडली. त्याचाही दम संपला होता.

जैतूनबी पोराकडं पाहत राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता, थकलेला. "थे नाव तुह्यं नाही रे बाबा. तुले सांभाळायले देल्लं होतं. तुह्या बापानं मागून घेतलं होतं."

"मंग माह्यं काय हाय, अम्मा?"

उत्तर शोधत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं, तोंडात आलं ते ती बोलली.

"तुह्यं? तुह्यं त्या बैलाचा मोडका पाय हाय. थो सांभाळ."

नाईकांनीही निवाडा सांगितला नाही, सांगायला काही उरलंच नव्हतं. पोरानं पूनमसिंगाचे पाय धरले, मग मारोतीचे. मारोती चटकन मागं सरकला. त्याला पाय धरून घ्यायची सवय नव्हती. "ऊठ," तो म्हणाला, "बैलाले बांबूच्या कांब्या बांधा लागतीन. मी धरतो."

दोघं गोठ्याकडं गेले. मग कुठं जैतूनबी खाली बसली.