हिरवं मुखपृष्ठ

आमच्याकडे थायलंडात दहनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गेलेल्या माणसाचं लहानसं पुस्तक देतात. आईचं मी केलं. मुखपृष्ठावर तिच्या हिरव्या स्फटिकांचा फोटो घातला आणि पहिल्याच पानावर छापलं, 'जगभरातल्या आठशेहून अधिक शोधनिबंधांनी यांच्या एका निबंधाचा उल्लेख केला आहे.'

खोन केनच्या विहारात गठ्ठे उतरले तशी पा लमाई कुरकुरली. पा म्हणजे माझी थोरली मावशी. शुक्रवारी जन्मलेल्याचा रंग निळा, बुधवारी जन्मलेल्याचा हिरवा, हे तिनं मला लहानपणापासून शिकवलेलं.

"तुझी आई शुक्रवारची, बुधवारची कधी झाली गं?"

"पा, हे तिचे मॉलिब्डेनमचे स्फटिक आहेत. एकच पदार्थ निळाही असतो आणि हिरवाही, हे तिनं दाखवलं. तिचं नाव झालं ते त्यावरच."

"आठशे म्हणजे पुष्कळ ना?"

"पुष्कळ."

"मग तिच्या विद्यापीठाच्या डीनसाहेबांना दोन दे. एकदाही विभागप्रमुख केलं नाही मेल्यांनी."

संध्याकाळचं पठण संपलं आणि पेजेचे वाडगे फिरू लागले. आईला अजून 'आचान', म्हणजे 'गुरू' म्हणणारा तिचा जुना विद्यार्थी पी प्रासित माझ्याशेजारी येऊन बसला. मी लहान असल्यापासून तो माझा पी, थोरला भाऊ, आणि मी त्याची नोंग, धाकटी बहीण. आता स्वतः प्राध्यापक आहे. त्यानं पुस्तक उघडलं, पण पहिल्या पानापुढे गेला नाही.

"नोंग फुन, हे उल्लेख वाचलेस का तू?"

"आकडा पाहिला."

तो पेजेतलं आलं चमच्यानं बाजूला सारत राहिला. "हिरवा पदार्थ नव्हताच गं. निळ्यात थोडी पिवळी भेसळ राहून गेली होती. पुढे परदेशातल्या एका गटानं ते सिद्ध केलं. तेव्हापासून स्फटिक तपासताना काय चुकतं, त्याचा दाखला म्हणून सगळे आचानांचा निबंध देतात."

"सगळे आठशे?"

"सुरुवातीचे थोडे सोडले तर."

"आणि आई?"

"त्यांनी दुरुस्ती छापली. दोनच परिच्छेद. चूक माझी, विद्यार्थ्याची नाही, असं स्पष्ट लिहून." त्यानं पुस्तक मिटलं. "स्फटिक मी वाढवले होते. त्या दुरुस्तीचा उल्लेख कोणी करत नाही. मी करतो, प्रत्येक निबंधात. विद्यार्थी हसतात मला."

मी पोटासाठी इतरांची पुस्तकं तपासते. तळटीप मूळ ग्रंथाशी ताडल्याशिवाय पुढे जात नाही. आईच्या बाबतीत मला आकडा पुरला.

आणि तिनं मला सांगितलं होतं. इस्पितळात, पुस्तकाचा विषय मीच काढला तेव्हा. "मॉलिब्डेनमचं घालू नकोस. बाकी हवं ते लिही." मी हसले होते. "पुरे झाला विनय, आई." ती दमली होती. वाद घालायला श्वास लागतो. तिनं डोळे मिटले आणि मी ते संमती म्हणून घेतलं.

"आता काय करू, पी?"

"काही नको. निम्म्या लोकांना कळणारच नाही."

"उरलेल्यांना?"

"ते आधीपासूनच जाणतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दहनाआधी तिचं चरित्र मी वाचायचं होतं. पुढच्या रांगेत पा लमाई पुस्तकानंच वारा घेत होती. आठशेचं वाक्य जवळ येताच तिनं शेजारणीला कोपरानं खुणावलं. वाक्य गाळलं असतं तर आईचा शब्द राहिला असता, पण खोटं तर प्रत्येकाच्या मांडीवर होतं.

"या पुस्तकात माझ्याकडून चूक छापली गेली आहे," मी म्हणाले. "हिरवा पदार्थ खरा नव्हता. आईनं स्वतः ते जाहीर केलं होतं आणि दोष स्वतःकडे घेतला होता. उल्लेख आहेत ते बहुतेक त्या चुकीचे."

पा लमाईचा वारा थांबला. मागच्या रांगेत पी प्रासितनं मान खाली घातली.

शवपेटीपाशी वाहायची चंदनाच्या लाकडाची फुलं घेऊन आम्ही दहनगृहाच्या पायऱ्यांवर रांगेत उभे राहिलो तेव्हा पा लमाईनं विचारलं, "आजच्या दिवशी सांगायला हवं होतं का?"

"पुस्तकात खोटं होतं, पा."

"तिनं सांग म्हटलं होतं?"

"नाही. तो विषयच नको म्हणाली होती."

चढायला आधार म्हणून तिनं माझा दंड धरला, नेहमीपेक्षा घट्ट.

वर फूल ठेवताना सगळे तेच म्हणतात, जाणता-अजाणता काही घडलं असेल तर क्षमा कर. पा लमाईनं म्हटलं. मीही ओठ हलवले. 'अजाणता' मला म्हणवलं नाही.