सहावी वात

मी समई बोलतेय. पितळेची, कमरेइतकी उंच, माथ्यावर मोर. आज मात्र उभी नाही. जुन्या भोपाळातल्या एका ठठेऱ्याच्या, म्हणजे तुमच्या तांबटाच्या, दुकानात आडवी पडलेय. शेजारी भट्टी फुलतेय. वेळ थोडा आहे, म्हणून भरभर सांगते.

माझा जन्म पुण्याचा. विश्वनाथराव भोपाळातल्या बरखेड्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा जुन्या साडीत गुंडाळून त्यांनी मला सोबत आणलं. पुढे भोपाळची दोन, त्यातलं एक विश्वनाथराव अध्यक्ष असलेलं बरखेड्याचं, आणि इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनचं एकेक, अशी पाच मराठी मंडळं एकत्र आली. त्यांचा महासंघ झाला आणि विश्वनाथरावांनी मला महासंघाला देऊन टाकलं. पाच मंडळं, माझ्या वाटीला पाच चोची! सगळे म्हणाले, शुभशकुन आहे. जुळून आलेल्या गोष्टींचं माणसांना भारी कौतुक.

महासंघाची रीत माझ्याभोवतीच बांधली होती. भोपाळातल्या टी. टी. नगरच्या हॉलमध्ये वार्षिक सभा भरली की प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाने घरून आणलेलं तेल घालून आपली वात लावायची. आपली वात आपणच सांभाळायची, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. एखादा ठराव कोणाला नामंजूर असेल तर त्याने आपली वात शांत करायची. पाचातली एक जरी विझली, तरी ठराव बारगळला. पण भरल्या सभेत दिवा विझवायला कोणाचा हात धजतो? त्यामुळे सगळे कुरकुरत का होईना, एकमताला यायचे. एकदा नाटकाच्या तारखेवरून ग्वाल्हेरवाल्यांनी वात विझवली होती. त्यांच्याशी पुढे कितीतरी दिवस कोणी धड बोललं नाही.

मग भोपाळजवळच्या मंडीदीपच्या मंडळाचा अर्ज आला.

मंडीदीपच्या कारखान्यांत अमरावती, जळगावकडून आलेले पुष्कळ कामगार आहेत. त्यांच्या मुलांसाठी वासंती नावाची बाई एका शेडमध्ये मराठीचा वर्ग घेते. सुट्टीत गावी गेलेल्या नातवंडांचं बोलणं आजी-आजोबांना कळेना, म्हणून तिने तो सुरू केला. आता मालकाने शेड परत मागितली होती. महासंघ खोली आणि शिक्षक देतो, पण सभासद मंडळालाच. प्रवेश मिळाला नाही तर वर्ग बंद, इतकं ते सरळ होतं.

विश्वनाथरावांचा मुलगा उदय महासंघाचा चिटणीस. भारी उतावळा! सभेच्या आधीच त्याने मला या ठठेऱ्याकडे आणून वाटीला सहावी चोच डाक देऊन जोडून घेतली. काम फत्ते झालं, असं त्याला वाटलं. मला मात्र तेव्हापासून तोल सावरेना.

सभा भरली. पाच वाती लागल्या. उदयच्या सांगण्यावरून वासंतीने मंडीदीपतर्फे बिचकत सहावी लावली. उदयने ठराव वाचला: मंडीदीपला सभासद करून घ्यावं, आणि यापुढचे निर्णय बहुमताने व्हावेत.

"म्हणजे आमचं नाही म्हणणंच काढून घेताय," विश्वनाथराव म्हणाले. "त्यांची कुटुंबं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. आम्ही उभं केलं, आणि आता आम्हीच मागच्या रांगेत बसायचं?"

त्यांची सून सुचेता कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ती उठली. "बाबा, युरोपच्या संघातही नवा देश घ्यायचा तर प्रत्येक जुन्या सभासदाचा होकार लागतो. पण सभासद वाढत गेले तसं दर गोष्टीला एकमत मिळेना, कामं अडायला लागली. मग त्यांनी बऱ्याच बाबतींत बहुमत आणलं. नुसती माणसं वाढवून रीत जुनीच ठेवली तर..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं, कारण माझी एक वात तडतडली. बरखेड्याची.

जड चोचीने वाटी कलली होती. तेल सगळं मंडीदीपच्या बाजूला धावत होतं आणि समोरच्या बाजूची वात कोरडी पडत चालली होती.

"बघा," विश्वनाथराव हळूच म्हणाले. "सहावी आली आणि आमची विझली."

अजून विझली नव्हती, पण फार वेळ टिकणारही नव्हती. तेलाची बाटली त्यांच्या मांडीशी होती. ती उचलायची नाही, एवढंच त्यांना करायचं होतं. वात आपोआप गेली असती, ठराव पडला असता आणि बोल कोणालाच लागला नसता. सभेतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. पंखा कोणीतरी बंद केला. उदय पुढे सरकला, सुचेताने त्याची बाही धरली. ज्योत निळी होऊन बसत चालली. मी पितळेची, पण मला घाम फुटायचा राहिला होता. विश्वनाथराव, इतक्या वर्षांची आपली ओळख, असं नका हो करू, असं मला ओरडायचं होतं.

वासंती उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता रडणार.

"काका," ती म्हणाली, "आधी तेल टाका. मग नाही म्हणा. पर आपल्या हातानं म्हणा. मले घरी जाऊन पोरांले सांगा लागते ना, कोन नाही म्हनलं ते."

विश्वनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी बाटली उचलली आणि तेल ओतलं. थोडं सांडलं, पण ज्योत वर आली.

"नवा सभासद घ्यायचा तर एकमतच लागेल," ते म्हणाले. "बाकीचं करा बहुमताने. लिहून घे उदय." आणि बाटली तशीच हातात धरून ते खाली बसले. एकही वात विझली नाही, मंडीदीप सभासद झालं. सुचेताने डोळे पुसले.

आज विश्वनाथरावांनीच मला इथे आणलंय. ठठेऱ्याने मला उलटंपालटं केलं आणि मान हलवली.

"बाबूजी, सिर्फ कटोरी बदलने से नहीं होगा. डंडी भी मोटी लगेगी. पूरी गलानी पड़ेगी."

विश्वनाथराव बराच वेळ माझ्या मोरावरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, मोर तरी काढून घरी नेतील. त्यांनी नेला नाही.

"गला दो."

"कितने मुँह रखूँ? छह?"

"आठ," ते म्हणाले. "कल को बैतूलवाले आ जाएँगे, फिर तुम इसे टेढ़ी कर दोगे."

मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? भट्टीतून जी निघेल ती मीच असेन की दुसरीच कोणी, मला ठाऊक नाही. पुढच्या सभेत दोन चोची रिकाम्या असतील, त्यांना नावं ठेवू नका. आणि एवढं माझ्यासाठी करा. वात लावताना प्रत्येकाने आपल्या मंडळाचं नाव मोठ्याने सांगावं, बरखेड्यानेसुद्धा. मी नवी असेन, मला कोणाचीच ओळख नसेल.