दुसऱ्या खुर्चीचा निरोप समारंभ

अणुभट्ट्यांना परवाने देणाऱ्या त्या कार्यालयात कपातीची कात्री आधी फुलदाण्यांवर फिरली, मग पंख्यांवर, मग माणसांवर. झडपा, पंप, तारा तपासून पाहायची प्रयोगशाळा बंद झाली. तिथे आता मोडके पंखे पाय पसरून राहतात. ग्रंथपाल गेला, ग्रंथ कपाटात राहिले, किल्ली मात्र ग्रंथपालाच्या खिशातून त्याच्या गावी गेली. शेवटी तपासनीसबाईंच्या शेजारचे दुसरे तपासनीस निवृत्त झाले. त्यांच्या जागी आली ती फक्त धूळ.

आता पंचाईत अशी, की भट्टीच्या परवान्यावर दोन सह्या लागतात. एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने, पहिल्याचं एक अक्षर न ऐकता, सगळं नव्याने तपासायचं. एकाला डुलकी लागली तरी दुसरा जागा असावा, म्हणून शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत. ती मोडायला साहेब धजेनात आणि माणूस द्यायला वरचे तयार होईनात. मग साहेबांनी तोड काढली. दोन्ही तपासण्या बाईंनीच करायच्या, फक्त मध्ये खुर्ची बदलायची. खिडकीपाशी बसल्या की त्या पहिल्या तपासनीस. पाण्याच्या पिंपापाशी बसल्या की दुसऱ्या. कामाच्या वेळात दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही.

"मनातल्या मनातसुद्धा नाही हं, बाई," साहेब म्हणाले. "स्वातंत्र्य म्हणजे स्वातंत्र्य."

बाईंना आधी हसू आलं, मग राग आला, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच त्याचं दुखणं. शिपाईमामा मात्र घोळात पडले. चहाही अर्ध्यावर आला होता, दोघींत मिळून एकच कप. तो ते दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये ठेवत आणि म्हणत, "तुमचं तुम्ही बघा बाई, मला भांडणात घेऊ नका."

अशात नदीकाठच्या जुन्या भट्टीचा अर्ज आला. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली भट्टी कंपनीला पुन्हा सुरू करायची होती. तिच्या नियंत्रण कक्षात बाईंचा धाकटा भाऊ कामाला. बाई उठून साहेबांकडे गेल्या. "साहेब, माझा सख्खा भाऊ आहे तिथे. हे काम माझ्याकडे नको."

साहेबांनी विचार केला. "मग दुसरीकडे देऊ?"

"साहेब, तिचाही तोच भाऊ."

"अरेच्चा," साहेब म्हणाले, आणि काम बाईंकडेच राहिलं.

खिडकीपाशी बसून बाईंनी सगळं वाचलं. भट्टी अचानक तापली, तर थंड पाणी आत सोडणारी एक मोठी झडप होती. एरवी ती बंद. पण वेळ आली की तिने क्षणात, आपली आपण उघडायला हवं. नाहीतर आतली आग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. झडप उत्तम चालते, असा दाखला कंपनीच्याच प्रयोगशाळेने दिला होता. दुसरा दाखला आणायचा कुठून? मोडक्या पंख्यांकडून? बाईंनी सही केली.

रविवारी भाऊ जेवायला आला. भट्टी बंद, म्हणून सगळ्यांना अर्धा पगार. त्याचे खांदे उतरले होते, पण जीभ तेवढीच तिखट. "काय ताई, पहिलीची झाली ना सही? आता दुसरीला जरा मस्का लाव. तुझी भावजय मला भाजी आणायला पाठवते आणि परत आल्यावर उलटतपासणी घेते. त्यापेक्षा भट्टी बरी."

"झडप ठीक आहे ना रे?" बाईंनी सहज विचारलं.

"कोणती, ती म्हातारी? रुसते कधीकधी. पान्याचे दोन टोले दिले की उघडते बिचारी." तो हसला आणि घास तोंडापाशी थांबला. पोळीचा तुकडा ताटात ठेवून त्याने खाली पाहिलं. "ताई, हे तू ऐकलं नाहीस. माझ्या तोंडून गेलं कळलं, तर अर्धासुद्धा राहणार नाही."

बाईंनी त्याच्या पानात भाजी वाढली. लहानपणी तो ठेचकाळला की त्या त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालत. या दुखण्यावर फुंकर कशी घालायची, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी त्या पिंपाजवळच्या खुर्चीत बसल्या. सही केली, तर भाऊ कामावर जाणार आणि त्याच झडपेच्या भिंतीपलीकडे बसणार. नाही केली, तर घरी बसणार. कारण लिहिलं, तर ते कुणी फोडलं हे कंपनीला कळायला वेळ लागणार नाही. बाईंनी एवढंच लिहिलं, "झडप माझ्यासमोर उघडून दाखवावी."

साहेब धावत आले. "बाई, पहिलीने मंजूर केलंय! हिला काय झालं?"

"हिला पटत नाही, साहेब."

"अहो, मग दोघी बसून मिटवा की! बायकाबायकांत काय ते."

"आम्हाला बोलायची बंदी आहे. तुम्हीच घातलीय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रवासखर्च बंद होता, म्हणून कंपनीने झडपेचं चित्रीकरण पाठवलं. ते साहेबांच्या केबिनमध्ये दोघांनी पाहिलं. राखाडी भिंत, जाडजूड नळ, मधोमध झडप. उघडायच्या इशाऱ्याचा दिवा लागला, झडप हलेना. मग पडद्याबाहेरून आवाज आला. ठण्. पुन्हा ठण्. तो एवढा मोठा, की साहेबांच्या टेबलावरची टाचणी हलली. झडप उघडली.

"बघा, उघडली!" साहेब आनंदले.

"आणि तो आवाज?"

"मागे कुठे काम चालू असेल."

"भट्टी पेटेल तेव्हाही चालू असेल का?"

साहेबांनी चित्रीकरण बंद केलं. दोन तपासनिसांचं जुळलं नाही, तर वाद तिघांच्या मंडळापुढे जायचा. त्यातल्या दोन जागा कपातीत गेल्या होत्या आणि तिसरे होते साहेब स्वतः. स्वतःच्या नावाने सही करायची, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी हसत आले. दुसऱ्या तपासनिसाचं पदच काटकसरीत रद्द! दुसरी नाही तर तिची सहीही लागत नाही आणि हरकतही उरत नाही. उरली पहिली, आणि पहिलीची सही तर झालेलीच.

रीतीप्रमाणे निरोप समारंभ झाला. पिंपाजवळच्या खुर्चीवर पुष्पगुच्छ ठेवला. साहेब गहिवरून बोलले, "त्या जरा कडक होत्या, पण मनाने निर्मळ. त्यांची उणीव भासेल." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "आता त्यांच्या सहकारी दोन शब्द बोलतील."

बाई उठल्या.

"माझी मैत्रीण फार बोलायची नाही," बाई म्हणाल्या. "तिला बंदी होती. पण तिचं पद गेलं, तशी बंदीही गेली. आज सकाळी आम्ही पहिल्यांदा मनसोक्त बोललो. तिचं म्हणणं मला पटलं. त्या झडपेवरची माझी सही मी मागे घेते."

साहेब ताडकन उठले. "असं मागे घेता येत नाही!"

येत होतं. सही मागे घेण्याचा जुना नियम तसाच शाबूत होता. तो रद्द करण्याचं काम ज्याच्याकडे होतं, तो माणूस पहिल्याच कपातीत गेला होता.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"बंदच राहणार म्हणतात भट्टी. नवी झडप येईपर्यंत."

"हो रे."

"माझं नाव...?"

"कुठेच नाही. जे ऐकू आलं तेवढंच लिहिलं."

"ऐकू आलं ना?" त्याचा आवाज दबला. "हळू मार म्हणाले होते. कापड गुंडाळून दिलं होतं पान्याला. मी ते काढलं, ताई."

बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आता खायचं काय, ते ठरवायचंय," तो म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती.

"नवी झडप बसली, की उघडताना मी स्वतः येऊन बघणार. पदरचं भाडं खर्चून."

"आणि उतरशील कुठे?"

"तुझ्याकडे."

पलीकडून भावजयीचा आवाज आला, "वन्संना म्हणावं, खुशाल या! पण येताना महिन्याचा किराणा घेऊन या!"